बटणांच्या दुकानाची चौकशी

मिक्सरच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तिका असते. ती कोणीही वाचत नाही. लोक खोकं फोडतात, मिक्सर ओट्यावर ठेवतात, प्लग लावतात आणि पुस्तिका जाते खणात, मेलेल्या सेलांच्या आणि कशाच्या आहेत ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला. ज्या बाईंची ही गोष्ट आहे त्यांनी अशा पुस्तिका बावीस वर्षं लिहिल्या. मिक्सर, गीझर, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र, एकदा तर पाठ खाजवण्याचं विजेवर चालणारं यंत्रसुद्धा. आणि बावीस वर्षांत "तुमची पुस्तिका वाचली हं" असं म्हणणारा एकही माणूस त्यांना भेटला नाही. घरच्या नवऱ्यानेही कधी वाचली नाही. तो गीझर उलटा बसवून मोकळा झाला होता.

मग कंपनीने पुस्तिका छापणंच बंद केलं. खोक्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला, स्कॅन करा आणि व्हिडिओ बघा. बाई घरी बसल्या. नोकरी गेली की माणसं चौकशीला येतात, धीर देतात, आणि जाताना "बघू, आपल्या ओळखीत काही असलं तर" असं म्हणून जातात. वन्संनी यातलं काहीच केलं नाही. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "घरात बसून माझ्या भावाचं डोकं खाण्यापेक्षा इथं ये आणि बटणं निवड. माझा गुडघा शिडी चढू देत नाही."

वन्संचं बटणांचं दुकान होतं. फक्त बटणं. दोरा नाही, सुई नाही, लेस नाही. तीन भिंती जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेल्या, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे ते सांगणारं एकेक बटण तारेने बांधलेलं. चिठ्ठीवर वन्संचा विश्वास नव्हता. गुडघ्याने दगा दिल्यावर मात्र त्यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, पुस्तकं वाचून आणि मुलीशी तीनदा भांडून, दुकानाची वेबसाइट स्वतः तयार केली होती. कोटाचं एक बटण हरवलं की लोक उरलेल्या बटणाचा फोटो पाठवत, आणि वन्सं त्याचं जुळं शोधून टपालाने धाडत. दुकानात दिवसाला दहा माणसं येत असतील, तर वेबसाइटवर चाळीस. कुठल्या कुठल्या गावांची नावं त्या कौतुकाने वाचून दाखवत.

आठ महिने बाईंनी तिथे बटणं निवडली. एकदाही वन्संनी उपकाराची भाषा काढली नाही. चहा मात्र रोज पाजला, आणि रोज पातळ असल्याबद्दल चहालाच बोल लावला. बाईंना नवी नोकरी लागली त्या दिवशी वन्सं एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. तू मोती आणि शिंपला एका खणात टाकत होतीस."

नवी नोकरी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे कुणी कुणाला साहेब म्हणत नसे. मुख्य माणूस बाईंच्या निम्म्या वयाचा होता. त्याला सगळे दाढी म्हणत, आणि एकदा ती दाढी पाहिल्यावर दुसरं काही म्हणणं शक्यही नव्हतं.

"आपलं टूल सोपं आहे," दाढी म्हणाला. "एखादी वेबसाइट, एखादी फाइल, काहीही द्या. चोरांच्या यादीत ते आहे का, हे आपण सांगतो. शून्य ते शंभर गुण. जितके गुण जास्त, तितका संशय जास्त."

"म्हणजे गुण नव्हेत, अवगुण."

"हो, तसंच. आणि आपल्याला विचारणारे असतात एजंट."

"विमावाले?"

"नाही हो बाई. एआय एजंट. माणूस नसतो तो, प्रोग्रॅम असतो. ऑफिसातली पत्रं वाचतो, मागण्या नोंदवतो, सामान मागवतो. पत्रात लिंक आली की ती उघडावी की नाही, हे त्याला कळत नाही. मग तो आधी आपल्या टूलला विचारतो. पण विचारायचं कसं, उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं ना? आमच्या इंजिनीअरांनी लिहिलंय. ते वाचून एजंट गोंधळतात."

बाईंनी ते लिखाण वाचलं. "यात त्यांची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "मीपण गोंधळले."

"एकच लक्षात ठेवा," दाढी म्हणाला, "हे एजंट तुम्ही लिहिलेलं अक्षरन् अक्षर वाचतात. दर वेळी. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आपलं काही चुकलं. बिचाऱ्याला काय ठाऊक! बावीस वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर त्याने पंगत मांडली होती. बाईंना खरोखर भरून आलं. त्या खिडकीकडे वळून चष्मा पुसू लागल्या.

पुढचा महिना बाईंनी जीव ओतला. मिक्सरच्या पुस्तिकेत त्यांनी जे जे लिहिलं होतं आणि वाया गेलं होतं, ते सगळं व्याजासकट इथे उतरलं. कधी विचारावं, कधी विचारू नये. एकाच पत्त्याबद्दल उगाच दहादा विचारू नये. आणि त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांनी ठळक अक्षरात घातलं: यादीत नोंद सापडली नाही याचा अर्थ पत्ता चांगला आहे असा नाही; जो चोर ठरला नाही तो लगेच साव होत नाही, तो फक्त अनोळखी असतो. इंजिनीअरांनी ते वाक्य कागदावर छापून भिंतीला लावलं.

मग आला उदाहरणाचा प्रश्न. टूलला पत्ता कसा द्यायचा आणि उत्तर कसं येतं, हे दाखवायला एक नमुन्याचा पत्ता हवा होता. त्या धंद्यात यासाठी काही पत्ते राखून ठेवलेले असतात. ते कुणाचेच नसतात, त्यांच्यामागे दुकान नाही, माणूस नाही, काही नाही. दाढीने त्यांची यादी बाईंना दिलीही होती. पण बाईंना ते पत्ते पाहून थंडी वाजली. त्यांच्या गीझरच्या पुस्तिकेतली बादलीसुद्धा त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरातली, मापासकट, निळी होती. कुणाच्याच नसलेल्या पत्त्याचं उदाहरण वाचून वाचणाऱ्याला काय वाटणार? त्यांनी क्षणभर विचार केला आणि वन्संच्या दुकानाचा पत्ता टाकला. साधं, सरळ, निर्मळ दुकान. गुण शून्य. उदाहरण म्हणून याहून चांगलं काय असणार?

खरं सांगायचं तर नुसतं उदाहरण नव्हतं ते. आठ महिन्यांच्या पातळ चहाची ती परतफेड होती. वन्संना तोंडावर आभार मानलेले खपत नसत, म्हणून बाईंनी ते आपल्या लिखाणात, न बोलता, मानले.

आणि त्याच्याखाली, हात सरावाने चालतो तसा चालला आणि एक ओळ उतरली. मिक्सरच्या प्रत्येक पुस्तिकेत ती असायचीच: पहिल्यांदा वापरण्याआधी एकदा रिकामं चालवून पाहा. इथे तिने नवा अंगरखा घातला, एवढंच: "प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी वरचं उदाहरण एकदा चालवून पाहावं. उत्तर शून्य आलं, तर टूल नीट चालतं आहे असं समजावं."

दाढीने ते सगळं वाचलं. म्हणजे माणसं वाचतात तसं वाचलं. पहिलं पान, शेवटचं पान आणि मधली चित्रं. "झकास," तो म्हणाला.

बाईंनी संध्याकाळी वन्संना फोन केला. "वन्सं, तुमच्या दुकानाचं नाव आमच्या लिखाणात आलंय. जगभर वाचलं जाणार."

"कशाबद्दल?"

"सज्जन म्हणून."

वन्सं म्हणाल्या, "पत्ता बरोबर लिहिलास ना?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला ही बातमी सांगितली, समोरच्या चेनवाल्यालासुद्धा. आणि चेनवाल्याला सांगणं ही मोठी गोष्ट होती. तो कपड्यांना लावायच्या चेन विकायचा. एकोणीस वर्षं दोघांची दुकानं समोरासमोर होती आणि बटण बरं की चेन बरी, हा वाद तेवढीच वर्षं जुना होता. चेनवाला गरीब माणूस, वाद घालायचा म्हणजे मान डोलवून हसायचा. वन्सं दोन्ही बाजूंनी बोलायच्या.

तीन आठवडे फार छान गेले. एजंटांच्या चुका निम्म्याहून कमी झाल्या. दाढी येता-जाता बाईंना नमस्कार करू लागला. बाई घरी नवऱ्याला सांगत, "माझे वाचक बघ, आणि तू बघ."

चौथ्या सोमवारी सकाळी अकराला वन्संचा फोन आला.

"अगं, माझी वेबसाइट कुणाला उघडत नाहीये. उघडली की लाल पान येतं. 'पुढे जाऊ नका, हा पत्ता धोकादायक असू शकतो.' गेल्या गुरुवारपासून एक फोटो आला नाही, एक! शाळेच्या बँडला बहात्तर पितळी बटणं हवी होती, शनिवारी त्यांचा कार्यक्रम आहे. बँडमास्तरांना फोन केला तर म्हणतात, आमचं ऑफिस तुमच्याकडून मागवू देत नाही, तुमचं दुकान संशयित आहे. संशयित! चाळीस वर्षं दुकान चालवतेय मी. माझ्याकडे काय चोर बसलेत?"

"वन्सं, मी बघते. तुम्ही जरा शांत..."

"मी शांतच आहे. मला कळलंय हे कुणी केलं ते. समोरच्याने. जगभर नाव होणार म्हणून सांगितलं ना मी त्याला, ते पोटात दुखलं त्याच्या. आत्ताच त्याच्या दारात जाऊन त्याला चांगलं झाडून आलेय. गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, धंद्यात हरलात म्हणून दुसऱ्याच्या तोंडाला काळं फासायचं? लाज वाटत नाही?"

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? तोंड आहे का त्याला? शटर अर्ध्यावर ओढून आत बसलाय."

फोन ठेवून बाईंनी आपलंच टूल उघडलं आणि वन्संच्या दुकानाचा पत्ता घातला. गुण: एक्क्याऐंशी. खाली कारण होतं. "या पत्त्याबद्दल असाधारण प्रमाणात चौकशी होत आहे."

त्या तशाच दाढीकडे गेल्या. त्याने नोंदी उघडल्या, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि दाढीतून बोटं फिरवत थांबला.

"बाई, तीन आठवड्यांत चार लाख बारा हजार वेळा या पत्त्याची चौकशी झाली आहे. सगळ्या एजंटांनी. हे दुकान कुणाचं आहे?"

"माझ्या नणंदेचं."

"काय विकतात त्या?"

"बटणं."

मग दोघांनी मिळून बाईंचं लिखाण पहिल्यांदा खरोखर, ओळीवर बोट ठेवून वाचलं. आणि त्या ओळीपाशी बाईंचं बोट थांबलं. काम सुरू करण्याआधी वरचं उदाहरण एकदा चालवून पाहावं.

"माणसाने हे कधीच केलं नसतं हो," बाई हळूच म्हणाल्या.

"माणसाने नाही. पण एजंटांनी केलं. आणि त्यांना काल काय केलं ते आज आठवत नाही. प्रत्येक काम त्यांचं पहिलंच असतं. म्हणून प्रत्येक कामाआधी प्रत्येकाने इमानेइतबारे एकदा बटणांच्या दुकानाची चौकशी केली."

"पण नुसत्या चौकशीने कुणी चोर ठरतं का?"

दाढी ओशाळला. "आपल्या टूलमध्ये तसा नियम आहे. एखाद्या पत्त्याबद्दल अचानक खूप जण विचारायला लागले, तर काहीतरी काळंबेरं असणार, असं ते धरून चालतं."

"हे तर जिन्यात उभ्या राहणाऱ्या शेजारणींचं शास्त्र झालं!" बाई कडाडल्या. "आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणे. अरे, धूर आपणच सोडतोय ना!"

कडाडून झाल्यावर त्या मटकन खुर्चीत बसल्या. शास्त्र कुणाचंही असो, फुंकर घातली होती त्यांनीच. आभार मानायला गेल्या आणि ज्या बाईने पडत्या काळात हात दिला तिच्याच दुकानाच्या दारावर लाल फुली मारून आल्या. शिवाय एक गरीब माणूस अर्धं शटर ओढून बसला होता, तेही त्यांच्याचमुळे.

"हे बघा," दाढी समजुतीने म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. उदाहरण बदलू, ती ओळ काढू, हा येडचाप नियम मी आजच दुरुस्त करतो. गुण शून्यावर आणू. कारण म्हणून 'तांत्रिक बाब' असं टाकू. कुणाला काही कळणार नाही."

"मग लाल पान जाईल?"

तो घुटमळला. "आपल्याकडचं जाईल. पण आपली यादी अकरा कंपन्या उचलतात. त्यांनी तो पत्ता आपापल्या यादीत घातलाय. त्या कारण वाचतात. 'तांत्रिक बाब' म्हटलं की महिना महिना हलत नाहीत. खरे चोरही तेच कारण देतात."

"आणि खरं कारण लिहिलं तर?"

"तर एका दिवसात काढतील. पण ते कारण पत्त्याच्या नोंदीला चिकटून राहील. जो कुणी त्या दुकानाबद्दल विचारेल, त्याला ते दिसेल. माणसाला, एजंटाला, सगळ्यांना. तुमच्या नावासकट."

शनिवारचा बँड बाईंच्या कानात आत्ताच वाजायला लागला. त्या उठल्या. "लिहिते. पण जगाला कळण्याआधी वन्संना माझ्या तोंडून कळायला हवं."

वाटेत त्यांनी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताईला सांगणार? जपून गं. मी सातवीत तिचं पेन हरवलं होतं. अजून माफ केलेलं नाही."

दुकानात वन्सं एकट्याच होत्या. काउंटरवर बहात्तर पितळी बटणं मखमली फडक्यावर ओळीने मांडून ठेवलेली, प्रत्येक घासून लख्ख केलेलं. मागणी रद्द झाली होती, तरी त्या घासतच होत्या. बाई काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मनात सगळं जुळवून आणलं होतं, आधी हे सांगायचं, मग ते. तोंड उघडलं आणि सगळं उलटं बाहेर पडलं.

"वन्सं, चेनवाल्यांनी काही केलेलं नाही. मी केलंय."

फडकं थांबलं.

बाईंनी सांगितलं. राखीव पत्ते असूनही वापरले नाहीत, हे सांगितलं. मिक्सरची ओळ सांगितली. टूलचा मूर्ख नियम सांगितला, पण त्याच्यामागे लपल्या नाहीत. "तुमचे आभार मानायचे होते मला," त्या शेवटी म्हणाल्या, आणि रडायचं नाही असं ठरवलेलं असूनही रडल्या. "आठ महिने तुम्ही मला सांभाळलंत. आणि मी तुमचं नाव बदनाम केलं."

वन्संनी एक बटण उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं.

"किती जणांनी चौकशी केली म्हणालीस?"

"चार लाख बारा हजार."

"चार लाख बारा हजार जणांनी माझ्या दुकानाची चौकशी केली," वन्सं सावकाश म्हणाल्या, "आणि एका मेल्याने साधं शर्टाचं बटण घेतलं नाही?"

बाईंनी नाक पुसता पुसता वर पाहिलं. वन्संचे खांदे हलत होते. आधी त्यांना वाटलं, त्याही रडताहेत. मग त्यांचं हसणं फुटलं आणि असं फुटलं की काउंटरवरची बटणं थरथरली. "अगं, एवढी गर्दी दारावरून गेली आणि मला पत्ता नाही! आणि तू, आभार मानायला चार लाख माणसं धाडलीस होय? एक डबा बिस्किटं आणायचीस!"

हसून झाल्यावर मात्र त्या सरळ बसल्या. "आता रागावते हं," असं सांगून त्या रागावल्या. दहा मिनिटं. मोती आणि शिंपला एका खणात टाकण्यापासून सुरुवात झाली ती गीझरपर्यंत गेली. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. ज्यांच्याशी संबंध तोडायचा असतो त्यांच्यावर वन्सं रागवत नसत, नुसतं "बसा" म्हणत.

"चल, काय लिहिणार आहेस ते इथंच लिही," वन्सं म्हणाल्या. "माझ्या समोर. नाहीतर पुन्हा काहीतरी चालवून पाहायला सांगशील."

बाईंनी काउंटरवर लॅपटॉप उघडला. पहिल्या दोन ओळी त्यांनी ऑफिसच्या भाषेत लिहिल्या. वन्संनी वाचल्या आणि नाक मुरडलं. "हे तुझ्या त्या दाढीने लिहिल्यासारखं वाटतंय. मला जसं सांगितलंस तसं लिही." म्हणून बाईंनी जसं सांगितलं होतं तसं लिहिलं:

"हे दुकान बटणं विकतं, दुसरं काही नाही. इथे कधीही कुणाला धोका नव्हता. मी या टूलची माहिती लिहिते. नमुन्यासाठी राखीव पत्ते असताना मी या दुकानाचा पत्ता वापरला आणि प्रत्येक कामाआधी तो चालवून पाहायला सांगितलं. म्हणून लाखो चौकशा झाल्या आणि दुकानावर संशय आला. चूक माझी आहे, दुकानाची नाही. इथलं पितळी बटण मी स्वतः हाताळलेलं आहे."

"शेवटची ओळ कशाला?" वन्संनी विचारलं.

"असू दे. खरी आहे."

खाली नाव घालून त्यांनी ते दाढीला पाठवलं. दाढीने वाचलं, या खेपेला शेवटपर्यंत, आणि एकही अक्षर न बदलता नोंदीला जोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरापैकी नऊ कंपन्यांनी लाल पान उतरवलं. उरलेल्या दोघांना दाढीने फोन केले; त्याचा आवाज त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. बुधवारी बाई सुट्टी टाकून दुकानात आल्या, कारण वन्संना लाल पान गेल्याचं डोळ्यांनी पाहूनही पटत नव्हतं. साडेदहाला कॉम्प्युटरने टुण्ण केलं. शाळेच्या ऑफिसमधून मागणी होती. पितळी बटणं, बहात्तर. मागणी तिथल्या एजंटाने पाठवली होती, आणि बँडमास्तरांसाठी त्याने लिहिलेली टीपही चुकून सोबत आली होती. वन्संनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली.

"'या दुकानावर आधी संशयाची खूण होती. ती चुकीची होती. जिची चूक होती तिने ती स्वतःच्या नावाने, कुणी विचारलं नसताना, स्पष्ट लिहिली आहे. त्यामुळे इथून मागवायला हरकत नाही.'"

वन्संनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग चष्मा काढला.

बाईंना वाटलं, आता बटणं बांधायला घेतील. त्यांनी दोरी आणि खोकंही पुढे ओढलं. पण वन्सं काचेतून समोर बघत होत्या. चेनवाल्याचं शटर आज पूर्ण वर होतं, पण तो पाठमोरा बसला होता. तीन दिवस तो असाच, रस्त्याकडे पाठ करून बसत होता.

"तू चार लाखांसमोर सांगितलंस," वन्सं म्हणाल्या.

"माझी चूक होती, वन्सं."

"हो ना. आणि मी ज्याला झोडपलं त्याची काय चूक होती?" त्या काउंटरला धरून उठल्या. गुडघा कटकन वाजला. "मला नीट येत नाही हे. तू लिहून देतेस का काहीतरी? दोन ओळी?"

बाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला, आणि मग त्यांनी तो मागे घेतला. "नको वन्सं. मी लिहिलं की काय होतं, पाहिलंत ना? तुम्ही नुसत्या जा."

वन्संनी पर्स उचलली. आरशात पाहून पदर नीट केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदाही केला. मग एक पाय ओढत, दोन्ही बाजूंना बघत, चाळीस वर्षांत हजारदा ओलांडलेला तो रस्ता त्यांनी अगदी नवख्यासारखा ओलांडला. चेनवाल्याच्या पायरीपाशी त्या थांबल्या. तो वळला आणि घाईघाईने उभा राहिला. त्याने स्टूल पुढे सरकवलं. वन्सं बसल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून काहीतरी बोलू लागल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून बोलू लागल्या. चेनवाला दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता, पण त्या ऐकत नव्हत्या.

इकडे दुकानात एक गिऱ्हाईक आलं. हातावर कोट, कोटाला एक बटण कमी. त्याने तिन्ही भिंतींकडे पाहिलं, काउंटरवरच्या पितळी रांगेकडे पाहिलं.

"मालकीणबाई नाहीत का?"

"आहेत ना. समोर गेल्यात."

"लगेच येतील?"

बाईंनी काचेतून पाहिलं. चेनवाल्याने आता रुमाल काढला होता आणि तो डोळे पुसत होता. वन्संचं अजून संपलं नव्हतं.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "माफी मागायला गेल्यात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मागताहेत. वेळ लागेल. तुम्ही बसा."